मारुतीपुढं सांगितलेला रंग

अमरावती, १२ जून २०२५

नितेश,

तनवीर फाईल घेऊन आला तेव्हा मी जेवत होते. त्याने ती टेबलावर ठेवली, पाणी प्यायला, आणि भाऊंनी, म्हणजे तू, निरोप काहीच दिला नाही असं सांगून भिंतीकडे बघत उभा राहिला. तो तुझा भागीदार आहे की आपल्या दोघांचा पोस्टमन, हे आता त्यालाही कळत नसेल. चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तर त्याच्या हाती धाड, नाहीतर धाडू नकोस. पण वाच.

तू एक ओळ लिहिली नाहीस, म्हणून सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. टिनाच्या छपरांना लावायचा पांढरा रंग तू तयार केलास, आणि तो लावला की भर उन्हाळ्यात खालची खोली थंड राहते. पेटंटचा अर्ज गेल्या दिवाळीच्या तोंडावर केलास. आता पेटंट कार्यालयाचा आक्षेप आला आहे की यात नवं काही नाही. बडोद्याची एक कंपनी हा रंग तुमच्याकडून बनवून घ्यायला तयार आहे, पण पेटंट टिकेल असं एखाद्या पेटंट एजंटाने लिहून दिलं तरच. आणि कंपनी आली नाही तर अकोल्याच्या एमआयडीसीतली तुमची शेड बंद करावी लागेल. नागपुरात एजंट आहेत, पुण्यात तर ढिगाने आहेत. तरी फाईल माझ्याकडे आली. का, असं विचारलं तेव्हा तनवीर म्हणाला, भाऊ म्हणतात, "ताई हो म्हनली, तर मंग कोनी नाई म्हनू शकत नाई."

एवढ्याने मी विरघळले असं समजू नकोस. चार वर्षांपूर्वी तुझ्या सासरी, आकांक्षाच्या माहेरच्या सगळ्यांसमोर तू फवारणी पंपाचा न गंजणारा रंग दाखवला होतास, आणि हे लोक चाळीस वर्षांपासून करताहेत असं मी म्हणाले होते. तू ताटावरून उठून गेलास. कुठे काय बोलावं हे साधनाला समजत नाही असं आई म्हणते, ते खरं असेल. पण तो रंग जुना होता, आणि आजही मी तेच म्हणेन. माझा धंदाच हा आहे. लोक मोठ्या कौतुकाने आपलं लेकरू दाखवावं तसं काहीतरी घेऊन येतात, आणि मी सांगते की हुबेहूब असं लेकरू जपानात अमुक साली जन्मलेलं आहे. कोणाला आवडेल?

कंपनीला मी बहीण आहे हे कळवलं. त्यांची हरकत नाही.

फाईल एकदा वाचली. खरं सांगू? फार काही वाटलं नाही. सरकीच्या तेलाच्या गिरणीत तळाशी राहणारा साबणासारखा गाळ, त्यात कळीचा चुना, वरून रंग धरून ठेवणारा बाइंडर. चुन्यात तेल घालून गच्ची गिलावणारे लोक आपल्या आज्याच्या काळातही होते, आणि आक्षेप घेणाऱ्यानेही नेमकं हेच म्हटलं आहे. पण एक गोष्ट समजली नाही. टिन उन्हात फुगतं, रात्री आक्रसतं, आणि चुना त्यावर दोन महिन्यांत पोपडे धरतो. तुझा का धरत नाही, हे अर्जात कुठेच धड लिहिलेलं नाही. रंगवलेले टिनाचे तुकडे धाड. आणि तो कसा बनवतोस ते पायरीपायरीने सांग.

साधना


अमरावती, ४ जुलै २०२५

नितेश,

तुकडे मिळाले. तू अखेर दोन पानं लिहिलीस तीही मिळाली. वर "ताई" लिहिलेलं नाही, पण अक्षर ओळखीचं आहे.

तुकडे मी गच्चीवर उन्हात टाकले, तापले की त्यावर फ्रिजमधलं पाणी ओतलं. रोज. मग एक पत्रा उंबऱ्यावर ठेवून हातोडीने वाकवला, पार दुमडला. घडीवर भेग पडायला हवी होती. नाही पडली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नखाने खरवडलं. मला राग आला, हे तुला लिहायला हरकत नाही, कारण मनातून मी ठरवून टाकलं होतं की हे जुनं निघणार.

मग जुने अर्ज उपसले. इथले, बाहेरचे, जिथे जिथे चुना आणि तेलाचा गाळ एकत्र आला आहे ते सगळे. सगळे एकच सांगतात: आधी बाइंडर, थंड करून घ्या, मग चुना. दोन ठिकाणी तर बजावलं आहे की तापलेल्या गाळात कळीचा चुना घालू नका, पिंपातच दगड होईल. आणि तू नेमकं तेच केलंस. तापलेल्या गाळात चुना फोडलास, उकळी शांत होईपर्यंत ढवळत राहिलास, आणि बाइंडर शेवटी. दगड झाला नाही. चुन्याचा गाळातच चिवट साबण झाला, आणि तोच साबण टिनाबरोबर ताणतो आणि आक्रसतो. हे सहज सुचण्यासारखं नाही. ज्याला ज्याला यातलं काही कळत होतं, त्याने हात आखडता घेतला. तू नाही घेतलास.

तेव्हा लिहिते, आणि नीट वाच, कारण हे मी फार क्वचित लिहिते: हे नवं आहे. तुझं आहे. याला पेटंट मिळायला हवं, आणि मिळेल.

मला फार आनंद झाला, नितेश. शेजारच्या देशपांडे काकूंना बोलावून तो दुमडलेला पत्रा दाखवला. त्यांना काही कळलं नाही, पण चांगला आहे म्हणाल्या.

आई गुरुवारी डोळे तपासायला गावाहून येते आहे. ती परत गेली की सोमवारी कंपनीला मत लिहून धाडते.

ताई


अमरावती, ११ जुलै २०२५

नितेश,

मत लिहायचं थांबवलं आहे. कंपनीला अजून काही बोललेले नाही. बसून वाच.

काल डॉक्टरांकडून आलो. आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला समोरचं सगळं धुरकट दिसत होतं. खाटेवर टेकली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, पाह्य, तुह्या भावाचा भंडारा, तुले तर बलावलंच नव्हतं त्यानं. मी व्हिडिओ लावला. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, हे एक बरं झालं.

आपला मारुती. दोन वर्षांपूर्वीची हनुमान जयंती. सभामंडपाची टिनं पांढरीशुभ्र, बाहेर गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजताहेत, आणि एप्रिलच्या भर दुपारी टिनाखाली अख्खं गाव बसलेलं. कोणी उपरण्याने वारा घेत नाही. तू माइक घेऊन उभा. आईने नवस बोलला होता की पोराचा रंग जमला तर पहिला हात मारुतीच्या मंडपाला आणि रोडग्याचं जेवण गावाला, हे मला कालच कळलं. तू म्हणालास, चुना आन सरकीचा गाळ, बाकी मारुतीची कृपा. म्हणून खाली बसायला निघालास. तेवढ्यात बायकांतून आईचा आवाज येतो: "देवानं पुरं देलं, मंग तू अर्धं काहून सांगून राहिला?"

आणि तू पुरं सांगितलंस. गाळ किती तापवायचा, चुना कधी टाकायचा, ढवळणं का थांबवायचं नाही, बाइंडर आधी घातला तर काय बिघडतं. तुझ्या अर्जात ज्यावर हक्क मागितला आहे ते पहिलं कलम तू माइकवर बोललास, आणि अर्जापेक्षा कितीतरी चांगल्या भाषेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावच्या बुधाजींनी ते सगळं आपल्या भजनांच्या यूट्यूब चॅनेलवर चढवलं. खाली तारीख आहे. तुझ्या अर्जाच्या दीड वर्ष आधीची.

कायदा साधा आहे. अर्जाच्या आधी जे जगाला सांगितलं ते नवं राहत नाही. सांगणारा तूच असलास तरी नाही. थोड्या सवलती आहेत. सरकारने जाहीर केलेलं प्रदर्शन असेल, विद्वानांच्या सभेत वाचलेला निबंध असेल, आणि त्यानंतर वर्षभरात अर्ज केला असेल, तर चालतं. मारुतीचा भंडारा त्यात बसत नाही. मी तरी कसा बसवू?

रात्रभर तुझी चूक शोधली आणि सापडली नाही. आपल्याकडे एखादी गोष्ट आपली कशी ठरते? चार माणसांत बोलली की. सोयरीक जुळली तर चारचौघांत सांगायची, धुऱ्याचा, शेताच्या हद्दीचा, दगड रोवला तर चार जणांना बोलावून दाखवायचा, मग ते कोणी नाकारत नाही. आई तेच करत होती. ती तुझा रंग तुझ्या नावावर लावत होती, तिला ठाऊक होता त्या एकाच रीतीने. आणि कायद्याच्या लेखी तिथेच तो तुझा राहिला नाही.

मला बोलावलं असतंस तर माइकची वायर मी हाताने उपटली असती. पण नाही बोलावलंस.

आई विचारत होती, कसा वाटला. चांगला बोलला म्हटलं. डोळ्यांवर पदर धरून हसली.

ताई


अमरावती, २४ जुलै २०२५

नितेश,

तनवीर येऊन गेला. तू दोन दिवस कारखान्यात नुसता बसून होतास म्हणाला. मग चाचरत तुझा निरोप दिला, की बुधाजींना सांगून व्हिडिओ काढून टाकला तर काय होईल.

तुझ्याआधी माझ्याच मनात हे आलं होतं, म्हणून तुझ्यावर चिडत नाही. व्हिडिओ निघेल. बुधाजी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. पण त्या दिवशी जेवलेलं गाव कुठे काढणार? लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे होते. निम्म्यांच्या फोनमध्ये तो आहे. आज आक्षेप घेणाऱ्याला तो दिसलेला नाही हे खरं, पण पेटंट मिळाल्यावर कोणीही उठून ते रद्द करायला सांगू शकतं, आणि रंगाच्या धंद्यात असं उठणाऱ्यांची वानवा नाही. तोवर तू कंपनीबरोबर करार केलेला असशील, आणि मग तू फसवलंस असं ठरेल. आणि कागदावर सही माझी असेल. पाहून न पाहिल्यासारखं मला लिहिता येणार नाही. तू फाईल माझ्याकडे पाठवलीस ती याचसाठी ना, की मी तसं लिहीत नाही?

मुंबईच्या माझ्या जुन्या साहेबांना नाव न घेता विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि 'अरेरे' एवढंच म्हणाले. तीस वर्षं या कामात घालवलेला माणूस. मी आणखी दोन रात्री पुस्तकं चाळली, मग मिटून ठेवली. हातात काहीच नाही रे. एवढं सगळं शिकून तुझ्या कामाच्या वेळी मला फक्त नाही म्हणता येतं.

एवढं मात्र आहे, की आता दुसऱ्या कोणालाही यावर पेटंट मिळणार नाही. रंग सगळ्यांचा झाला. तूही बनवू शकतोस. बडोद्याची कंपनीही बनवू शकते, तुला न विचारता. त्यांच्याकडे मोठी यंत्रं आहेत आणि गावोगाव दुकानदार आहेत. तुझ्याकडे एक शेड आणि तनवीर. तेव्हा हे समाधान म्हणून सांगत नाही.

मत उद्या जातं. त्यात असं लिहिलं आहे की ही रचना अर्जापूर्वी जाहीर झालेली असल्याने तिला नवीन म्हणता येत नाही. ते वाक्य लिहायला मला दुपार लागली. वाचशील तेव्हा माझं चार जुलैचं पत्रही जवळ ठेव. दोन्ही मीच लिहिली आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

ताई


अमरावती, २१ ऑगस्ट २०२५

नितेश,

फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तुला काहीतरी झालं आणि तनवीर तुझ्या फोनवरून बोलतो आहे. चार वर्षांनी माणूस असा सरळ "ताई, मी बोलून राहिलो" म्हणतो, आणि मी आधी तू बरा आहेस ना एवढंच विचारलं. रागाने नाही, घाबरून.

फोनवर जे ठरतं ते मी नेहमी लिहून पक्कं करते. कंपनीने दोन ओळींत नकार कळवला. शेड तू महिनाअखेर सोडतोस. हे दोन्ही कळलं. तिसरं मात्र मी नीट ऐकलं का, ते सांग.

तू म्हणालास, भंडाऱ्याचं कारण आईला कळू द्यायचं नाही. ती दर शनिवारी मारुतीला जाते, तेल वाहते, गावभर सांगते की माझ्या पोराचं काम देवाने उचलून धरलं. तिच्याच एका वाक्याने तुझा रंग गेला हे समजलं तर ती त्या देवळाची पायरी चढायची नाही, आणि स्वतःला माफ तर मुळीच करायची नाही. इथवर मला पटलं. मग तिला काय सांगायचं, असं मी विचारलं.

"सांगजो का रंग जुनाच होता. हापिसवाले बरोबर होते."

मी म्हटलं, नितेश, तो नवा आहे.

"मले माहीत हाये, तुले माहीत हाये. आईले नसलं तरी चालते."

तर मग तूच सांग म्हटलं. तर म्हणालास, "मी सांगितलं तर ते ऐकनार नाई, म्हननार पोरगा खचला. तू म्हनलं का मानते ते. महालक्ष्म्यायले सारे येतीन, तवाच सांगून टाक. एकदाच होऊन जाईन."

म्हणजे आकांक्षाचे आईवडीलही असणार. म्हणजे पुन्हा तेच जेवण, तीच माणसं, आणि मी उठून म्हणायचं की नितेशने केलं त्यात नवं काही नाही. मागच्या वेळी ते खरं होतं आणि तू ताटावरून उठलास. या वेळी खोटं असणार आणि तू बसून राहणार. मी असंच ऐकलं ना? चुकीचं ऐकलं असेल तर कळव. मी वाट बघते.

ताई


अमरावती, ३ सप्टेंबर २०२५

नितेश,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी सांगितलं.

तू आकांक्षाच्या वडिलांना गाडीपर्यंत सोडायला गेलास, तिथवरचं तुला माहीत आहे. मी काय बोलले तेही तू ऐकलंस. चुना आणि तेल फार जुनी गोष्ट आहे, कार्यालयाचा आक्षेप बरोबर होता, मी खूप शोधलं पण यात नवं काही सापडलं नाही. माझा आवाज ठीक होता असं आकांक्षा म्हणते. तुझे सासरे तुझ्याकडे बघत होते आणि तू पुरणपोळीवर तूप घेत होतास, कोणी दुसऱ्याबद्दलच बोलत असावं तसा. तेवढ्यासाठी मी तुझ्यापुढे कायमची मान तुकवायला तयार आहे. मला ते जमलं नसतं.

तू गेल्यावर आई स्वयंपाकघरात आली. मी आंबिलीचं पातेलं खरवडत होते. तिने झाकण्या लावल्या, पाट उचलले, महालक्ष्म्यांपुढचा दिवा नीट केला. मग तिथेच भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, तुले त्याचं कधीच काही दिसलं नाही. लहानपणापासून. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

थोड्या वेळाने ती सावरली. तुला ठाऊक आहे ती कशी आहे, फार वेळ बसून राहत नाही. तेवढ्यात तिने सगळा विचार करून टाकला होता. तिच्या मते चूक एवढीच झाली की भंडाऱ्याला माणसं कमी पडली. आपल्याच गावचे लोक, साक्ष कोण देणार, म्हणून कार्यालयवाल्यांनी खुशाल जुनं ठरवून टाकलं.

"आता त्यानं दुसरं काई केलं ना, तं मोर्शी, तिवसा, चांदूर बाजार, साऱ्यायले बलावू. पयल्या दिवसापासून सांगू, काय टाकलं, कसं टाकलं, सारं. मंग पाहू कोन जुनं म्हनते. नवस बोलली मी आत्ताच, महालक्ष्म्यायपुढं."

मी पातेलं घासत राहिले. एकदा वाटलं की आत्ताच सांगून टाकावं, निदान पुढचं तरी वाचेल. तिच्याकडे वळलेही. ती बोटांवर मोजत होती, कोणत्या गावात कोणाला निरोप धाडायचा. मला म्हणाली, त्या दिवशी तू येशीन ना, तुले मी सोता बलावते, तूच माइक धरजो त्याच्यापुढं.

मी येईन म्हटलं.

घरी आले तर तनवीरचा फोन. शेड रिकामी झाली. ढवळायचं यंत्र परवा वाशिमचा कोणी घेऊन गेला, आणि भाऊ म्हणाले की आता पुन्हा काही करणं नाही, कुठेतरी नोकरी पाहतो. मी त्याला विचारलं, हे गावी कोणाला माहीत आहे का. तो म्हणाला, नाही, दीदी, अजून नाही.

तर नितेश, आई वाट बघायला लागली आहे. येत्या हनुमान जयंतीपर्यंत पोरगा काहीतरी करेलच असं तिने धरून ठेवलं आहे. तू यंत्र विकलंस हे तिला कोणी सांगायचं ते आता तू ठरव. एक खोटं मी तुझ्यासाठी सांगितलं. हे खरं सांगायला मला सांगू नकोस.

ताई